झाकणाच्या आतली खूण

भिंगरीचा लॅपटॉप एका सकाळी बंद पडला, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. यंत्र म्हटलं की ते कधीतरी बंद पडणारच. घड्याळजीच्या घरात वाढलेल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. वॉरंटी होती, बिल होतं, खोकंही माळ्यावर जपून ठेवलेलं होतं. ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेली, टोकन घेतलं, यंत्र दिलं, पावती घेतली आणि आठ-दहा दिवसांत काम होईल या भरवशावर घरी आली.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव, आणि ते असं चिकटलं की चाळिशी उलटली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी निघायला तयार नाही. तिचं लग्न झालं, मोडलं, आणि ती परत बाबांकडे आली. पुढे रस्त्याकडे तोंड करून बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत टेबल मांडून ती लॅपटॉपवर शाळेच्या पुस्तकांची पानं लावायची; कुठे मजकूर, कुठे चित्र, कुठे प्रश्न. मधलं दार कायम उघडं. त्यामुळे बाप आणि लेक दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर असत. बाप डोळ्याला भिंग लावून बसलेला, लेक चष्मा लावून.

कंपनीचा पहिला निरोप आला तो छान होता. आपला दावा मंजूर झाला आहे, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की दावा नामंजूर आहे, कारण यंत्राचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळत नाही. भिंगरीने दोन्हींचे फोटो पाठवले. त्यावर कंपनीने मनापासून दिलगिरी व्यक्त केली, क्रमांक जुळत असल्याचं मान्य केलं, आणि दावा नामंजूर असल्याचं पुन्हा कळवलं, कारण यंत्रात द्रव पदार्थ आढळला आहे.

आता मात्र ती चक्रावली. द्रव कुठला? टेबलावर चहा न्यायचा नाही हा तिचा स्वतःचाच दंडक होता. पाण्याची बाटलीसुद्धा खिडकीत. तिने फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं एका गोड आवाजाने तिला इतक्या वेळा सांगितलं की तिचा त्या महत्त्वावरचा विश्वासच उडाला. शेवटी एक माणूस बोलला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि द्रवाचं सोडा, तुमचं सील उघडलेलं आहे, असं म्हणून नवीनच पिल्लू सोडलं.

"कसलं सील?"

"यंत्राच्या पाठीवर एका स्क्रूवर छोटा स्टिकर असतो, मॅडम. तो काढून परत लावलाय."

"कुणी?"

"ते तुम्हालाच माहीत असणार."

तिला काही माहीत नव्हतं. नकार एकच, आणि कारणं मात्र रोज नवी. याला काय म्हणावं तिला कळेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने एकेकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. दुकानदाराने वापरलेलं यंत्र नवं म्हणून गळ्यात मारलं असेल का? की सर्व्हिस सेंटरमध्येच कुणी उघडलं, सांडलं आणि आता कानावर हात ठेवले? मध्ये एकदा तर तिला स्वतःचाच संशय आला. आपणच कधीतरी उघडलं आणि विसरलो की काय? पण तिला धड बाटलीचं झाकण उघडता यायचं नाही, स्क्रू कुठले उघडतेय.

सकाळी तिने बाबांनाही विचारलं. विचारायचं नव्हतं, पण आता विचारायचं कुणी उरलंच नव्हतं.

"बाबा, तुम्ही माझं यंत्र उघडलं नव्हतं ना कधी?"

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि तिच्याकडे बघितलं. "तू नको म्हणाली होतीस ना?"

"हो."

"मग कशाला उघडीन?"

बाबा दुखावले होते, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरी पार केलेल्या या माणसाने आयुष्यात एक गोष्ट कधी केली नव्हती, ती म्हणजे खोटं बोलणं. घड्याळ दुरुस्त होणारं नसेल तर ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर "हे आता गेलं" असं सांगायचे. त्यापायी किती गिऱ्हाइकं तुटली, पण यांची जीभ काही वळली नाही. शिवाय उघडू नका म्हणून तिनेच त्यांना बजावलं होतं. हिवाळ्यात कधीतरी लॅपटॉपचा पंखा घरघर करायला लागला, तेव्हा दुकानात बसल्या बसल्या बाबांनी कान टवकारले होते.

"भिंगरे, तुझं यंत्र कोरडं चालतंय. थेंबभर तेल मागतंय."

"हात लावू नका हं बाबा. उघडलं तर वॉरंटी जाते."

"उघडलं म्हणून वॉरंटी जाते? ही कसली वॉरंटी?" बाबा हसले होते. "बरं, नाही लावत हात."

आणि पुढे ती घरघर आपोआप थांबलीही होती. मग विषयच संपला.

बाबांना कंपनीची वॉरंटी समजत नव्हती याला कारण होतं. त्यांची स्वतःची एक वॉरंटी होती आणि ती अगदी उलट होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते सुईने एक बारीक खूण कोरायचे. होडीच्या तळासारखी एक वाकडी रेघ आणि तिच्या पोटात ठिपका. नुसत्या डोळ्याला दिसायची नाही, भिंग लावावं लागायचं. ते घड्याळ पुढे कधीही बिघडून परत आलं, दहा वर्षांनी आलं, मालक बदलून आलं, तरी झाकण उघडल्यावर आत खूण निघाली की बाबा पैसे घ्यायचे नाहीत. कधी केलं, काय केलं, चूक कुणाची, काही विचारायचे नाहीत. खूण आपली म्हणजे काम आपलं, एवढाच हिशेब. लहानपणी भिंगरी त्यांच्या मांडीवर बसून भिंगातून ती होडी शोधायची, आणि सापडली की टाळ्या पिटायची. आई असताना या नियमावरून घरात धुसफूस व्हायची, पण बाबांनी तो सोडला नाही.

रविवारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात राहणारा, मोठ्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसणारा. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"बाबा कसे आहेत?"

"ठणठणीत," भिंगरी म्हणाली. उत्तरही ठरलेलं होतं.

ते तसं ठरण्यामागे एक प्रकरण होतं. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी एका गिऱ्हाइकाचं घड्याळ दुसऱ्यालाच दिलं होतं. पहिल्याने आरडाओरडा केला, गल्ली गोळा झाली, आणि बातमी फिरत फिरत दादाच्या कानावर गेली. दादा लगेच म्हणाला, दुकान बंद करू, मी बाबांना माझ्याकडे नेतो. भिंगरी कडाडली होती. तिकडे नेऊन काय करणार, खुर्चीत बसवून ठेवणार? चिमटा हातातून काढून घेतला तर हा माणूस सहा महिने जगणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. एवढ्याशा चुकीपायी त्यांचं सगळंच काढून घ्यायचं? बरीच वादावादी झाली आणि शेवटी दादाने अट घातली.

"कामात आणखी एक चूक झाली की मी न्यायला येणार. तेव्हा मात्र तू आडवी यायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली होती.

तेव्हापासून तिने बाबांवर बारीक लक्ष ठेवलं होतं. तशा काही गोष्टी तिला दिसायच्या, नाही असं नाही. चहा झाल्यावर पुन्हा चहा मागायचे. चिमटा हातात धरून चिमटाच शोधायचे. पण हे तर कुणाचंही होतं, असं ती स्वतःला समजवायची; तिचा स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना ती घरभर चष्मा शोधायची, त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. काम मात्र बाबांचं चोख होतं. संध्याकाळी तिने हळूच उचलून तपासलेलं प्रत्येक घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. म्हणून ती "ठणठणीत" म्हणायची तेव्हा तिला ते खोटं वाटत नव्हतं.

दादाला तिने लॅपटॉपचं रामायण ऐकवलं. त्याला असल्या गोष्टींचा चांगला अनुभव होता.

"अशी तोंडाला पानं पुसतात ते," तो म्हणाला. "फोनवर बोलत बसू नकोस. सरळ जा आणि पुरावा माग. उघडलं म्हणताय ना, मग दाखवा म्हणावं. दाखवता आलं नाही की आपोआप गप्प बसतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कंबर कसूनच निघाली.

सर्व्हिस सेंटर एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. काचेचं दार, अंगावर काटा येईल एवढं गार, जमिनीला ठोकून बसवलेल्या खुर्च्या आणि कोपऱ्यात धूळ बसलेलं प्लास्टिकचं झाड. खुर्च्यांवर माणसं मांडीवर आपापली यंत्रं घेऊन बसलेली, दवाखान्यात आजारी पोरं घेऊन बसावीत तशी. काउंटरवर जाड चष्म्याची एक मुलगी होती. आवाज मऊ आणि चेहऱ्यावर सतत हसू, त्यामुळे तिच्याशी भांडायलाही जड जात होतं.

"सिस्टीममध्ये 'अनधिकृत उघडणी' असं आलंय, मॅडम," चष्मेवाली म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे कुणीतरी उघडलंय."

"पण कुणी?"

"ते सिस्टीममध्ये येत नाही."

"आणि आधी तो क्रमांक जुळत नाही म्हणत होतात, त्याचं काय झालं?"

चष्मेवालीने पडद्यात डोकं घातलं, बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, "ते कारण बंद झालंय."

"आणि द्रव?"

"द्रव चालू आहे."

भिंगरीने कपाळाला हात लावला. भांडायला आलेल्या बाईचं अर्धं बळ इथेच गेलं. तरी तिने दादाची शिकवणी आठवली आणि आवाज चढवून पुरावा मागितला. मला माझ्या डोळ्यांनी दाखवा, त्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं म्हणून ती काउंटरला टेकून उभी राहिली. मागच्या खुर्च्यांमधून एकदोघांनी "बरोबर आहे" म्हणून दुजोराही दिला. मग चष्मेवालीने आत फोन केला आणि निळा डगला घातलेला एक कारागीर हातात लॅपटॉपची पिशवी आणि एक टॅबलेट घेऊन बाहेर आला. मध्यम वयाचा, दमलेल्या चेहऱ्याचा माणूस.

"यंत्र तुमचंच ना?" त्याने विचारलं. "मला एकदा बघायचंच होतं कुणाचं आहे ते."

"का? काय विशेष?"

"बाई, लोकांनी घरी उघडलेली यंत्रं मी रोज बघतो. स्क्रूची डोकी खाल्लेली, कडा उचकटलेल्या, कुठे सुरीने ओरबाडलेलं. इथे तुम्हाला एक ओरखडा सापडणार नाही. स्टिकर इतका सरळ परत लावलाय की आमच्या कारखान्यातही तसा लागत नाही. मला तर आधी पत्ताच लागला नव्हता."

"मग उघडलं कशावरून म्हणता? मीही तेच म्हणतेय, कुणी उघडलेलंच नाही."

"आत त्याने काहीतरी कोरून ठेवलंय."

निळ्या डगल्याने टॅबलेट तिच्यासमोर धरला. खालच्या झाकणाचा आतल्या बाजूने काढलेला फोटो होता. राखाडी पत्रा, आणि कोपऱ्यात बारीक काहीतरी. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला.

होडीच्या तळासारखी वाकडी रेघ. पोटात ठिपका.

भिंगरीला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर ती खूण ओळखीची दिसल्याचा आनंद. लहानपणची सवय ती. होडी सापडली की हात आपोआप टाळीला उचलले जायचे. मग तो आनंद जिथल्या तिथे थिजला. ही खूण इथे कशी? बाबा तर नाही म्हणाले होते. बाबा खोटं बोलत नाहीत. आणि खूण तर समोर आहे. या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

"आणि ही एकच नाहीये," निळा डगला म्हणाला.

त्याने फोटो सरकवला. पहिल्या होडीशेजारी दुसरी होडी होती. तिच्याशेजारी तिसरी. पत्र्याच्या कडेकडेने एकाला एक लागून होड्यांची रांग लागली होती, सगळ्या एकसारख्या, सगळ्या सुबक. फोटो सरकत राहिला, रांग संपेना, आणि भिंगरीला मोजायचं धैर्य झालं नाही.

"आम्हाला हेच कळेना. एवढ्या वेळा कोण कशाला उघडेल? आणि दर वेळी पंख्याला तेल घातलंय. एकदा थेंबभर घातलं असतं तर उलट बरंच झालं असतं. पण याने घालत घालत आतमध्ये नुसता चिखल केलाय. त्यात धूळ बसली, पंखा जाम झाला, यंत्र तापून तापून गेलं." त्याने टॅबलेट खाली घेतला. "तुम्ही ओळखता का त्याला?"

तिला आता सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. पहिल्या वेळी बाबांनी उघडलं ते घरघर ऐकवेना म्हणून. तिने नको म्हटलेलं त्या घटकेला आठवलं नसेल. तेल घातलं, नियमाप्रमाणे खूण कोरली, झाकण लावलं. मग तेही विसरले. पुढे कधीतरी ती बाहेर गेलेली असताना टेबलावर यंत्र दिसलं, सहज उघडून बघितलं, तर आत आपली खूण. म्हणजे आपण केलेलं काम परत आलेलं. खूण आपली म्हणजे काम आपलं. कधी केलं, काय केलं, विचारायचं नाही. पुन्हा तेल, पुन्हा खूण. त्याच्या पुढच्या वेळी दोन खुणा.

जन्मभर पाळलेला नियम त्यांनी या वेळीही पाळला होता. फक्त किती वेळा पाळला ते त्यांना माहीत नव्हतं.

"तक्रार वरच्या ऑफिसला पाठवू का, मॅडम?" चष्मेवालीने विचारलं.

"नको. यंत्र परत द्या मला."

"मग तक्रार बंद करावी लागेल. त्यासाठी 'ग्राहक समाधानी' असं निवडावं लागतं. दुसरा पर्यायच नाहीये."

"निवडा," भिंगरी म्हणाली.

घर चालत येण्याइतकं जवळ होतं, पण ती वाकड्या वाटेने, दोन गल्ल्या जास्तीच्या फिरून आली. तिला बाबांचा राग येत नव्हता. दादाचाही नाही. भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या पोटात अशी काही शरम होती की कुणी ओळखीचं भेटलं तर आपण रस्त्यातच रडू असं तिला वाटलं. एवढे दिवस ती रोज संध्याकाळी दुकानातली घड्याळं तपासत होती आणि चूक तिच्याच टेबलावर चालू होती. कामात आणखी एक चूक, असं दादा म्हणाला होता. इथे तर रांग लागली होती. यंत्र माळ्यावर खोक्यात टाकून द्यावं, दादाला सांगावं कंपनीने फसवलं, आणि विषय संपवावा, असं ठरवून ती दुकानाची पायरी चढली.

"काय म्हणाले?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"नाहीच म्हणाले."

"म्हणजे वॉरंटी गेली?"

"गेली."

बाबांनी भिंग काढून ठेवलं. चेहरा खुलला होता. "मग आता उघडायला हरकत नाही. आण इकडे."

"राहू द्या बाबा. ते म्हणाले काही होणार नाही त्याचं."

"ते म्हणाले ना? मी कुठे म्हणालो? आण."

ती कारणं सांगत राहिली, पण बाबांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली होती. समोरचा पसारा बाजूला सारून त्यांनी यंत्र पालथं ठेवलं. पातळ पातं दिव्यावर धरून कोमट केलं, स्टिकरखाली घातलं आणि तो सायीसारखा अलगद उचलून आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर चिकटवून ठेवला. स्क्रू एकामागून एक निघाले. बाबा कुठेही अडखळले नाहीत, कुठला स्क्रू लांब आणि कुठला आखूड हे हातांना ठाऊक होतं. भिंगरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. झाकण निघालं. बाबांनी सवयीने ते उलटं करून दिव्याखाली धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबांचं बोट झाकणाच्या कडेवरून सावकाश सरकत होतं, एका होडीवरून दुसरीवर.

"ही माझी खूण आहे," ते म्हणाले.

"हो."

"तू नको म्हणाली होतीस."

"हो बाबा."

"आणि तू मला विचारलंस, तेव्हा मी नाही म्हणालो." त्यांनी भिंग काढलं. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता, नवख्या गावात उतरलेल्या माणसासारखा. "मी तुझ्याशी खोटं बोललो?"

"नाही बाबा. खोटं नाही बोललात."

"मग काय झालं?"

बाबा पुन्हा यंत्राकडे वळले. आता मात्र ते बिघाड शोधणाऱ्या माणसासारखे बघत होते. पंख्यापाशी बोट टेकवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मग एकेक करून सगळ्या खुणांवरून नजर फिरवली आणि हळूच मान हलवली.

"खूण दिसली की मी विचारत नाही," ते म्हणाले. "दर वेळी मला वाटलं असणार, काम परत आलंय."

एवढ्यात तिचा फोन वाजला. दादा होता. आज सोमवार, पण पुरावा मागायची युक्ती त्याची होती, तेव्हा निकाल ऐकायची घाई त्यालाच जास्त.

"काय, दाखवला का पुरावा? बोलती बंद झाली ना?"

भिंगरी नुसती फोन धरून उभी राहिली. तिला शब्दच सापडेना. ठणठणीत हा तर मुळीच सापडेना.

"दे इकडे," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन घेतला. "हां, मी बोलतोय. हे बघ, माझ्या कामात चूक झालीये. हो, हिच्याच यंत्रात. एकदा नाही, पुष्कळदा. आणि मला त्यातलं काहीच आठवत नाहीये." पलीकडून दादा काहीतरी बोलला. "नाही, हिला बोलू नकोस. हिला माहीत नव्हतं, मलाच माहीत नव्हतं तर हिला कुठून असणार? तू ये. मला बघ, दुकान बघ. मग काय करायचं ते तिघं बसून ठरवू. हं. ठेवतो."

त्यांनी फोन तिला परत दिला. आवाज जराही थरथरला नव्हता. गिऱ्हाइकाच्या तोंडावर घड्याळ गेलं म्हणून सांगणारा माणूस होता तो, स्वतःबद्दलही त्याने तसंच सांगितलं. भिंगरी मात्र तिथे उभी राहू शकली नाही. चहा ठेवते म्हणून ती आत गेली आणि नळ सोडून त्या आवाजात पोटभर रडली.

तिने चहा केला, तोंड धुतलं, दोन कप घेऊन बाहेर आली. बाबा भिंग लावून वाकले होते. झाकण दिव्याखाली होतं आणि ते निवांत, मन लावून बघत होते. चेहऱ्यावर मघाचं काही नव्हतं. तिची चाहूल लागताच त्यांनी मान वर केली आणि हसले.

"भिंगरे, हे यंत्र कुणी आणून दिलं गं?"

तिने कप बाबांच्या कामाच्या फळीच्या कडेला ठेवले आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"माझं आहे, बाबा."

"तुझं? मग तर झालंच." त्यांनी झाकण तिच्यापुढे धरून कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "हे बघ, आत आपली खूण आहे. पैसे नाहीत पडायचे."

"बरं," ती म्हणाली.

"पंखा अडकलाय याचा. तेलाची बाटली दे जरा."

बाटली तिच्याच हाताशी होती. तिने बूच उघडलं आणि ती त्यांच्या हातात दिली.